खुजी मुले आणि वृद्धिसंप्रेरक उपचार

रीडिंगच्या सरकारी शाळांत मुलांची उंची आणि वजन दोनदा मोजले जाते: रिसेप्शनमध्ये आणि इयर सिक्समध्ये. या राष्ट्रीय मोजणीचा रोख प्रामुख्याने लठ्ठपणावर असल्याने मधल्या सहा वर्षांत वाढ मंदावलेले मूल सहज नजरेतून सुटते.

‘आमच्या घरात सगळेच ठेंगणे’ असे म्हणून मराठी घरांत हा विषय बहुधा मिटवला जातो. हे विधान पडताळता येते. आईवडिलांच्या उंचीच्या बेरजेत मुलासाठी १३ सेंमी मिळवावेत, मुलीसाठी वजा करावेत आणि येणारी संख्या निम्मी करावी. वडील १६८ आणि आई १५४ सेंमी असल्यास मुलाची अपेक्षित उंची सुमारे १६७.५, तर मुलीची १५४.५ सेंमी येते. मात्र ‘शॉक्स’ जनुकातील दोष आनुवंशिक असतो. तेव्हा ठेंगण्या पालकाचे निदानच राहून गेले असण्याचीही शक्यता असते.

एका मोजणीपेक्षा वाढीचा वेग अधिक बोलका. चार वर्षांनंतर वयात येईपर्यंत मूल वर्षाला साधारण पाच ते सहा सेंमी वाढते. वेग सातत्याने चारच्या खाली असेल, ब्रिटिश तक्त्यावरील ०.४ सेंटाइलची रेषाही गाठली जात नसेल (२५० पैकी एकच निरोगी मूल तिच्याखाली असते) किंवा मूल एकेक रेषा ओलांडत खाली घसरत असेल, तर जीपीकडे जावे. भारतातील नोंदी सोबत न्याव्यात. पण भारतीय बालरोग अकादमीचे २०१५चे तक्ते वेगळे असल्याने सेंटाइल नव्हे, तर सेंटिमीटर दाखवावेत.

पुढे रॉयल बर्कशायरसारख्या रुग्णालयात थायरॉइड, सीलिॲक यांसाठी रक्ततपासणी, डाव्या हाताच्या एक्स-रेवरून हाडांचे वय आणि मुलींमध्ये टर्नर सिंड्रोमसाठी गुणसूत्रांची चाचणी होते. हाडांचे वय मागे असून घरात उशिरा वयात येण्याचा इतिहास असेल, तर बहुधा वाट पाहणेच पुरते.

‘नाइस’च्या २०१०च्या मार्गदर्शनानुसार संप्रेरकाची कमतरता, टर्नर, प्राडर-विली, दीर्घकालीन मूत्रपिंडविकार, शॉक्सदोष आणि जन्मतः लहान राहून चार वर्षांनंतरही न भरून निघालेली वाढ यांवर एनएचएसमध्ये हा उपचार मिळतो. निव्वळ कारण न सापडलेला ठेंगणेपणा त्यात नाही. अमेरिकेत मात्र २००३पासून त्याला मान्यता आहे. पहिल्या वर्षात वाढीचा वेग निदान ५० टक्क्यांनी वाढला नाही, तर इंजेक्शने थांबवली जातात. हाडांची टोके एकदा जुळली की या औषधाने उंची वाढत नाही.