गोल्डन रॉड : दांडी लांब तरच पैसा
पुष्पगुच्छात गुलाब-जर्बेराच्या मागं जो पिवळा तुरा भरतात, तो गोल्डन रॉड. मूळचा उत्तर अमेरिकेचा. बी टाकायची भानगड नाही, जुन्या झाडाचे मुनवे फोडून लावायचे. पाणी साचणारी जमीन नको. साधारण तीन महिन्यांत फुलं येतात. बुडातून कापलं की पुन्हा फुटतं, खोडवा चालू.

खरी गोम थंडीत. दिवस लहान झाला की झाड वाढायच्या आतच फुलावर येतं, आणि आखूड दांडीला गुच्छवाले हात लावत नाहीत. म्हणून गुडघाभर होईपर्यंत रात्री बल्ब लावावे लागतात. आता आपल्याकडं रात्रीची लाईट कशी असते, ते सांगायला नको.

तुऱ्यातली पाव हिस्सा फुलं उमलली की सकाळीच कापून लगेच पाण्यात ठेवा. सगळा पिवळाधमक होईस्तोवर थांबलात, तर बाजारात पोचेपर्यंत तपकिरी पडतो.