बर्फाची गोधडी आणि हिवाळी गहू

१८८४ साली भारतीय हवामान विभागाचे पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड हिमालयातील बर्फाचा भारतातील अवर्षणाशी संबंध जोडत होते. त्याच दशकात रशियात अलेक्सांद्र वोयेकोव्ह हे हवामानशास्त्रज्ञही बर्फाचाच अभ्यास करीत होते. ब्लॅनफर्ड यांना बर्फावरून मोसमी पावसाची चाहूल घ्यायची होती. वोयेकोव्ह यांचे लक्ष हिमाच्छादनाचा जमिनीवर आणि हवामानावर काय परिणाम होतो याकडे होते. रशियन साम्राज्याच्या गवताळ मैदानांत शरद ऋतूत पेरलेला गहू सगळा हिवाळा त्या बर्फाखाली काढीत असे.

ताज्या बर्फात बर्फापेक्षा अडकून पडलेली हवाच अधिक असते. ओल्या मातीच्या मानाने त्यातून उष्णता जेमतेम दहाव्या हिश्श्याने वाहते. म्हणून बाहेर हाडे गोठवणारी थंडी असली, तरी मातीत दोन-तीन सेंटिमीटर खोल असलेला गव्हाचा वाढबिंदू तगून राहतो. गोधडीची उपमा येथे अलंकारापुरती नाही. दोन्हींमागचे भौतिकशास्त्र एकच आहे. मात्र ही गोधडी वेळेवर अंगावर पडावी लागते. हिवाळ्यात मध्येच ऊब आली, तर रोपाने शरदात कमावलेली शीतसहनशक्ती ओसरते. वितळलेला बर्फ पुन्हा गोठून त्याचे कवच झाले, तर रोप गुदमरते. उलटपक्षी, न गोठलेल्या जमिनीवर बर्फ फार काळ साचून राहिला, तर रोप साठवलेली साखर संपवून बसते आणि बुरशीला बळी पडते.

१९२७-२८ आणि १९२८-२९ या लागोपाठच्या हिवाळ्यांत युक्रेनमधील हिवाळी गव्हाची मोठी हानी झाली. धान्यटंचाईने त्रस्त झालेल्या सोव्हिएत सत्तेला तातडीचा उपाय हवा होता. तो त्रोफिम लिसेंको यांनी देऊ केला: हिवाळी गव्हाचे बी भिजवून थंडीत ठेवायचे आणि वसंतात पेरायचे, म्हणजे हिवाळ्याला तोंड द्यायलाच नको. थंडी मिळाल्यावर हिवाळी धान्य फुलोऱ्यावर येते, हे जर्मनीत गुस्ताव गासनर यांनी १९१८ मध्येच दाखवले होते. वासंतीकरण ही प्रक्रिया खरीच आहे. खोटा होता तो उत्पादनवाढीचा दावा. काटेकोर क्षेत्रचाचण्यांऐवजी सामूहिक शेतांकडून भरून घेतलेल्या प्रश्नावल्या पुरावा म्हणून पुढे केल्या गेल्या. आरंभी लिसेंकोंना पाठिंबा देणारे निकोलाय वाव्हिलोव्ह पुढे त्यांचे विरोधक ठरले. १९४० मध्ये त्यांना अटक झाली आणि १९४३ मध्ये सारातोव्हच्या तुरुंगात त्यांचा अंत झाला. जगभरच्या धान्यांचे बियाणे जमवणारा हा माणूस उपासमारीने खंगून गेला होता.

वासंतीकरणाचे संशोधन भारतातही झाले. अल्मोड्याच्या विवेकानंद प्रयोगशाळेत बोशी सेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोहरीवर असे प्रयोग केले. तेथे राजकीय घाई नव्हती, हे त्या विज्ञानाचे भाग्यच म्हणायचे. भारताच्या मैदानी प्रदेशातील रब्बी गहू हिवाळ्यात वाढत असला, तरी जातीने वासंतिकच आहे; त्याला दीर्घ थंडीची गरज नाही. हिमालयाच्या उंच उतारांवर चित्र वेगळे आहे. जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्गचे उतार बर्फाविना उघडे पडले, तेव्हा बातम्यांत चर्चा झाली ती मुख्यतः पर्यटनाची. कोरडवाहू डोंगरी शेताला बर्फ दुहेरी उपयोगाचा असतो: तो थंडीची धार बोथट करतो आणि वितळताना माती सावकाश भिजवतो. त्याच्या जागी जोरदार पाऊस आला, तर ते पाणी बरेचसे उतारावरून निघून जाते आणि रात्री आभाळ निवळताच रोप उघड्यावर पडते.