जपा, जासुअण आणि जास्वंद
(खानदेशांतील पोथीसंग्राहकांसाठीं एक टिपण)

खानदेशांत जुन्या घराच्या परसांत, आडाजवळ किंवा मोरीचें सांडपाणी जेथें मुरतें तेथें, जास्वंदीचें झुडूप बहुधा असतेंच. सकाळीं त्याचीं फुलें देवघरांत जातात. झाडावर राहिलेलें फूल सांजेपर्यंत मिटतें. इतक्या परिचित वस्तूवर संशोधनाच्या त्रैमासिकांत लिहिण्याचें प्रयोजन काय, असें कोणी विचारील. प्रयोजन पोथ्यांचें आहे. 'जपा' हा शब्द वाचण्यांत व त्याचा अर्थ लावण्यांत जे घोटाळे होऊं शकतात, ते काव्यांत असले तर रसभंगावर भागतें. वैद्यकाच्या बाडांत मात्र एका वनस्पतीच्या जागीं दुसरी पोटांत जाते.

अमरकोशानें 'ओड्रपुष्प' व 'जपा' हीं एकाच फुलाचीं नांवें दिलीं आहेत. 'जवा' हें त्याचेंच दुसरें रूप. बंगाली 'जबा' त्यावरून आलें. मेघदूतांत महाकाळाच्या सायंकाळीं मेघावर पसरलेल्या संध्यारागास ताज्या जपापुष्पाची उपमा आहे. नवग्रहस्तोत्रांत सूर्याच्या वर्णासाठीं हेंच फूल घेतलें आहे. वेदान्ती तर स्फटिकाजवळ जपाकुसुम ठेवून उपाधीचा सर्व प्रपंच समजावून देतात. येथें फुलाचा रंगच तेवढा कामाला येतो. गंधाविषयीं कोणी बोलत नाहीं, कारण जास्वंदीस तो जवळजवळ नाहींच.

मराठी 'जास्वंद', 'जासुंद' या रूपांचा 'जय' किंवा 'यश' यांशीं संबंध जोडण्याचा मोह होतो. तो आवरावा. खरा दुवा प्राकृतांत आहे. अर्धमागधींत 'जासुमण', 'जासुअण' हा शब्द या फुलासाठीं आढळतो व तो 'जपा' आणि 'सुमनस्' यांच्या समासावरून आला, असें आम्ही मानतों. 'जपा'चें 'जवा', त्याचें 'जा', आणि 'सुमन'चें 'सुअण' होणें हें प्राकृताच्या चालीस धरूनच आहे. हिंदींत 'जासून' हें रूप आहे, गुजरातींत 'जासूद'. शेवटचा 'द' कोठून आला? 'वानर' शब्दाचें 'वांदर' होतांना 'न'कारापुढें 'द' शिरतो खरा, परंतु तेथें पुढें 'र' आहे आणि येथें नाहीं; म्हणून हा शेवटचा टप्पा आम्ही केवळ अनुमान म्हणून मांडतों. मराठी व गुजराती या दोन्हींत 'द' असावा आणि खानदेश या दोहोंच्या सीमेवर असावा, ही गोष्ट मात्र लक्षांत घेण्यासारखी आहे. येथील जुन्या बाडांत मधलें एखादें रूप सांपडल्यास प्रश्न सुटेल.

जैनांच्या कल्पसूत्रांतील प्रभातवर्णनाकडे संग्राहकांचें लक्ष विशेष वेधावेंसें वाटतें. त्यांत सूर्याच्या लालीसाठीं उपमानांची जी माळ आहे तींत बंधुजीवक, जासुअण आणि हिंगूळ हे तिन्ही आहेत. अर्थात् बंधुजीवक, म्हणजे आपली दुपारी, आणि जास्वंद हीं भिन्न फुलें होत, हें त्या ग्रंथकारास पक्कें ठाऊक होतें. टीपा लिहिणारे पुष्कळदां दोहोंसही 'तांबडें फूल' म्हणून मोकळे होतात.

लेखकांच्या हातून होणारा घोटाळा याहून वाईट. घाईच्या अक्षरांत 'प', 'य' व 'व' यांत अंतर फार थोडें राहतें. 'जपा'चें 'जया' झालें कीं अर्थ पार बदलतो, कारण 'जया' हें तर्कारीचें नांव अमरकोशांतच आलें आहे. भावप्रकाशाच्या निघंटूंत जपा केशांस हितकर सांगितली आहे, आणि फुलें खोबरेल तेलांत कढवून केंसांस लावण्याची चाल आजही घरोघर आहे. तेव्हां केशतैलाच्या पाठांत 'जया' दिसल्यास प्रथम 'जपा'ची शंका घ्यावी.

आतां या झाडाच्या मूळस्थानाविषयीं. लिनियसनें 1753 मध्यें त्यास 'चिनी गुलाब' अशा अर्थाचें नांव दिलें. त्यापूर्वी 1678 ते 1693 या काळांत ॲम्स्टरडॅम येथें छापलेल्या 'हॉर्टस मलबारिकस'मध्यें त्याची मलबारी नांवासह नोंद झाली होती. हें झाड रानांत आपोआप वाढलेलें आढळत नाहीं. बागेंत त्यास बी क्वचितच धरतें, आणि पावसाळ्यांत फांदी लावूनच तें वाढवितात. पॅसिफिक महासागरांतील बेटांवरच्या जातींच्या संकरांतून तें निपजलें असावें, असें अलीकडील कांहीं वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणतात. तसें असेल तर 'ओड्रपुष्प' या नांवास वजन येतें: ओड्र म्हणजे ओरिसा, पूर्वसमुद्राचा किनारा. कोशकारांच्या परंपरेंत हें फूल पूर्वेकडचें समजलें जात होतें, असा आम्ही त्याचा अर्थ घेतों.

गणपतीस जास्वंद प्रिय ही समजूत महाराष्ट्रांत सार्वत्रिक आहे. अथर्वशीर्षांत मात्र केवळ रक्तपुष्पांचा उल्लेख आहे, फुलाचें नांव नाहीं. बंगाल्यांत हेंच फूल कालीस वाहतात. आमच्या खानदेशांत एरंडोलजवळ पद्मालय येथें गणपतीच्या दोन मूर्ति एकत्र पूजिल्या जातात, आणि त्या क्षेत्राचें नांव मात्र तळ्यांतील कमळांवरून पडलें. 'रक्तपुष्प' म्हणजे जास्वंदच असें पूजाविधीच्या पोथींत गृहीत धरूं नये. कण्हेर आहे, दुपारी आहे, तांबडें कमळ आहे.

पोथ्यांतील तांबडी शाई जास्वंदीची, असेंही कोणी म्हणतात. तें संभवत नाहीं. पाकळ्या चुरडल्या कीं रस जांभळट पडतो; लिंबानें लाल होतो, चुन्यानें हिरवट, आणि प्रकाशांत टिकत नाहीं. शतकें टिकलेली लाली हिंगुळाची किंवा अळत्याची होय. त्या काळवंडणाऱ्या रसाचा उपयोग इतरत्र जोडे काळे करण्यास होत असे.

जातां जातां एक गोष्ट. तमिळांत जास्वंदीस 'चेम्परुत्ति' म्हणतात, म्हणजे अक्षरशः 'लाल कापूस'. वनस्पतिशास्त्राप्रमाणें कापूस, भेंडी, अंबाडी व जास्वंद एकाच कुळांतील आहेत. अंबाडी तर जास्वंदीच्याच गणांतील. तापीकांठच्या शेतकऱ्यानें कोश पाहिला नसला तरी त्याला हें नातें दुसऱ्या वाटेनें कळलें आहे: 2006 च्या सुमारास कापसावर जो पिठ्या ढेकूण आला, तो परसांतल्या जास्वंदीवरही बसतो.

1906 पूर्वीच्या अखंड खानदेशांतील, म्हणजे आजच्या जळगांव, धुळें व नंदुरबार जिल्ह्यांतील घरांत वैद्यकाचीं बाडें अजून असतील. ज्यांच्या संग्रहीं तीं आहेत त्यांनीं केशतैलाचे पाठ काढून 'जपा', 'जवा', 'जया', 'जासुद', 'जासवंद' यांपैकीं कोणतें रूप आहे तें, पोथीच्या शकासह व मूळ अक्षरवळणाच्या नकलेसह, कळवावें. अक्षर संशयित असल्यास सुधारून लिहूं नये. जसें दिसतें तसेंच काढावें.