फिट, लग्न आणि कायदा

बारामती-इंदापूरकडे स्थळ बघताना शेती, नोकरी, पत्रिका सगळं विचारलं जातं. मुलाला किंवा मुलीला फिट येतात, हे मात्र अनेकदा झाकलं जातं. ही भीती उगाच नाही. 1976च्या दुरुस्तीने हिंदू विवाह कायद्यात अपस्मार घातला. वारंवार फिट येणाऱ्या माणसाचं लग्न जोडीदाराला कोर्टातून रद्द करून घेता येई. 1999मध्ये ती अट गेली. कुष्ठरोग तर घटस्फोटाचं कारण म्हणून 2019पर्यंत कायद्यात राहिला. तो गोळ्यांनी बरा होतो, हे कित्येक वर्षं आधीच माहीत होतं. औषध आधी आलं, कायदा मागून. घरची माणसं अजून वाटेत आहेत. पण लपवलेला आजार आजही फसवणुकीच्या मुद्द्यावर कोर्टात जाऊ शकतो. म्हणून साखरपुड्याआधी, स्वतःच्या तोंडून सांगा. आता कायदा आडवा येत नाही.