प्रागची जुनी यहूदी दफनभूमि

चेक देशाच्या राजधानींत, प्राग शहरांत, व्ल्तावा नदीच्या उजव्या तीरावर योसेफोव्ह नांवाचा भाग आहे. ही यहूदी लोकांची जुनी पेठ. तेथें उंच भिंतींच्या आड त्यांची पुरातन दफनभूमि आहे. आंत पाऊल टाकणारा प्रवासी प्रथम गोंधळून जातो. सुमारें बारा हजार शिळा एकमेकींस खेटून उभ्या आहेत. कांहीं कललेल्या, कांहीं शेजारच्या शिळेवर रेललेल्या. जमीनहि भोवतालच्या रस्त्यांहून बरीच उंच. मागील लोकांनीं मृतांची हेळसांड केली असावी, असें एखाद्यास वाटेल. वस्तुस्थिति नेमकी उलट आहे.

पुरलेला देह हलवूं नये, असा यहूदी धर्माचा दंडक आहे. प्रागच्या यहूद्यांस नेमून दिलेल्या पेठेंतच राहावें लागे. दफनासाठीं नवी जागा मिळणें दुर्घट होतें. तेव्हां त्यांनीं जुन्या कबरींवर मातीचा नवा थर घातला, खालच्या शिळा उचलून वर बसविल्या आणि नव्या मृतांस वरच्या थरांत जागा दिली. असें होतां होतां कांहीं ठिकाणीं बारापर्यंत थर झाले. ही दाटी अनास्थेची नव्हे. ज्यांना जागा नाकारली गेली, त्यांनीं आपल्या पूर्वजांस न दुखवितां काढलेली ती वाट होय.

सर्वांत जुनी शिळा इ. स. १४३९ मधील, अविग्दोर कारा या पंडित कवीची. १३८९ सालीं प्रागमध्यें यहूद्यांची भीषण कत्तल झाली, तीवर त्यानें शोककाव्य रचलें होतें. पुढें १६०१ सालीं मोर्देखाय मायसेल हा धनिक येथें विसांवला. आपलें द्रव्य त्यानें पेठेच्या सुधारणेसाठीं सढळ हातानें खर्चिलें होतें. १६०९ सालीं विख्यात रब्बी लोव वारले. मातीचा मनुष्य घडवून त्यांत त्यांनीं प्राण घातला, ही दंतकथा मात्र त्यांच्यामागें फार उशिरां त्यांना चिकटली. १६१३ मधील दाविद गांस हा इतिहासकार व ज्योतिषी. जर्मन भाषेंत ‘गांस’ म्हणजे हंस, म्हणून त्याच्या शिळेवर हंस कोरला आहे. अशा चित्रांवरून हिब्रू न जाणणाऱ्यासहि पुष्कळ उमगतें. आशीर्वादाचे दोन हात म्हणजे पुरोहितकुल, पाण्याची झारी म्हणजे लेवी घराणें, कात्री म्हणजे शिंपी.

सम्राट् दुसऱ्या योसेफाच्या काळीं शहराच्या आंत दफन करण्यास मनाई झाली व १७८७ सालीं येथील दफनें थांबलीं. यहूद्यांवरील अनेक निर्बंध याच सम्राटानें सैल केले, म्हणून पुढें पेठेस त्याचें नांव मिळालें. १८९३ च्या कायद्यान्वयें पेठेंतील बहुतेक घरें पाडण्यांत आलीं. दफनभूमि मात्र, थोडा भाग गमावून, टिकली.

दफनभूमीस लागूनच पिंकास नांवाचें प्रार्थनामंदिर आहे. १९३९ सालीं नात्सी सैन्यानें देश व्यापला आणि १९४१ पासून प्रागच्या यहूद्यांस आगगाड्यांत कोंबून छळछावण्यांकडे नेण्यांत आलें. बोहेमिया व मोराविया या प्रांतांतील मारल्या गेलेल्या सुमारें ऐंशीं हजार यहूद्यांचीं नांवें १९५४ ते १९५९ या काळांत या मंदिराच्या भिंतींवर हातानें लिहिलीं गेलीं. १९६८ सालीं मंदिर बंद झालें. भिंतींत ओल शिरली होती. दोन दशकांहून अधिक काळ तें बंदच राहिलें आणि तीं नांवें नाहींशीं झालीं. देशांत राज्यपालट झाल्यावर, १९९२ ते १९९६ या वर्षांत, तीं पुन्हा एकेक करून लिहावीं लागलीं.

दफनभूमींतून या मंदिरांत येणाऱ्यास दोन्हींमधील अंतर आपोआप कळतें. बाहेरच्या मृतांस जागा अपुरी पडली. तरी त्यांच्यामागें माती लोटणारे, शिळा उचलून वर बसविणारे आप्त होते. भिंतीवरील माणसांना कबर नाहीं. कित्येकांचे तर आप्तहि त्यांच्याबरोबरच गेले. यहूदी रीतीप्रमाणें भेटीस येणारे लोक बाहेरच्या शिळांवर लहानसा खडा ठेवतात. भिंतीपाशीं खडा ठेवण्यास शिळा नसते. तेथें ते उभे राहून नांवें वाचतात.