एक बीप म्हणजे ठीक: 1981 च्या पीसीचा बिघाड शोधताना

आज आपण एका जुन्या यंत्रासमोर बसणार आहोत. आयबीएम पीसी, मॉडेल 5150. ते 12 ऑगस्ट 1981 ला बाजारात जाहीर झालं. इंटेलचा 8088 प्रोसेसर, 4.77 मेगाहर्ट्झ वेग, मदरबोर्डवर सुरुवातीला 16 किलोबाइट मेमरी. ही माहिती तुम्हाला कुठेही मिळेल. आपण जरा वेगळा प्रश्न घेऊ. हे यंत्र बिघडलं, तर नेमकं काय बिघडलं हे कळायचं कसं? आणि ते कळावं ही सोय कोणी केली, कशासाठी केली?

बटण दाबलं की हे यंत्र सगळ्यात आधी स्वतःलाच तपासतं. या तपासणीला 'पोस्ट' म्हणतात. आधी प्रोसेसर, मग रॉममधला प्रोग्रॅम शाबूत आहे का, मग डीएमए, मग मेमरीचा पहिला भाग. त्यानंतर पडदा, उरलेली मेमरी, कीबोर्ड, फ्लॉपी. सगळं नीट असेल तर एक छोटा बीप. एक लांब आणि दोन छोटे बीप आले तर पडद्याच्या कार्डात गडबड. पडदा चालू असेल तर आकडे दिसतात: 201 म्हणजे मेमरी, 301 म्हणजे कीबोर्ड, 601 म्हणजे फ्लॉपी.

आता 201 चंच उदाहरण घेऊ. समजा पडद्यावर '1020 201' असं आलं. 201 वरून एवढंच कळतं की दोष मेमरीचा आहे. खरी खबर आधीच्या चार आकड्यांत आहे. नंतरच्या 64 किलोबाइटच्या रांगांच्या बोर्डावर '10' म्हणजे दुसरी रांग. '20' हा सोळाच्या पद्धतीतला आकडा. तो दोनाच्या पद्धतीत मांडला की 00100000. शून्यापासून मोजलं तर पाचवा बिट. रांगेत नऊ चिप असतात: आठ बिटांच्या आठ, आणि नववी पॅरिटीची, म्हणजे राखणदार. म्हणजे यंत्र सांगतंय की दुसऱ्या रांगेतली, पाचव्या बिटाची चिप बदला. ती सॉकेटमध्ये बसवलेली असते. काढा, नवी बसवा, झालं. बोट ठेवून जागा दाखवावी तसं हे आहे.

पण यंत्र नेहमीच बोलतं असं नाही. मेमरीच्या पहिल्याच भागात दोष असेल, किंवा रॉमच खराब असेल, तर बोलायला लागणारी साधनंच हाताशी नसतात. मग ना बीप, ना आकडा. यंत्र गप्प बसतं. शिवाय ही पहिली रांग 5150 मध्ये बोर्डाला सोल्डर केलेली आहे, सॉकेटमध्ये नाही. म्हणजे काम आणखी अवघड.

याहून नेहमीची तक्रार म्हणजे पंखा जरासा हलतो आणि थांबतो. नवखा माणूस म्हणतो, पॉवर सप्लाय गेला. बऱ्याचदा तो चांगला असतो. मदरबोर्डवरचे टँटलम कपॅसिटर, मण्यासारखे छोटे थेंब, इतक्या वर्षांनी आतून शॉर्ट होतात. बारा व्होल्टची तार थेट जमिनीला भिडली की सप्लाय स्वतःला वाचवण्यासाठी बंद होतो. अशा वेळी पुन्हापुन्हा बटण दाबायचं नाही. वीज काढायची, स्लॉटमधली सगळी कार्डं काढायची, सप्लायची जोडणी सोडवायची आणि मल्टीमीटरने बारा व्होल्ट आणि ग्राउंड यांच्यातला रोध मोजायचा. तो जवळजवळ शून्य असेल तर चोर बोर्डावरच आहे. पॉवर सप्लायचा डबा मात्र माहिती असल्याशिवाय उघडू नका. प्लग काढल्यावरही आत वीज साठून राहते.

हे सगळं आज आपण आत्मविश्वासाने सांगू शकतो, ते कशाच्या जोरावर? कागदाच्या. आयबीएमने 'टेक्निकल रेफरन्स' नावाचं पुस्तक विकायला ठेवलं. त्यात मदरबोर्डचे संपूर्ण सर्किट नकाशे होते आणि 8 किलोबाइटच्या बायॉसचा प्रोग्रॅम ओळीओळीने छापलेला होता. पोस्ट कुठल्या क्रमाने काय तपासते, हे आपण त्यातच वाचतो.

हा काही दानधर्म नव्हता. इतर कंपन्यांनी या यंत्रासाठी कार्डं बनवावीत, हा हेतू होता. शिवाय प्रोग्रॅम छापला म्हणून नकलेची परवानगी मिळाली नव्हती. म्हणून कॉम्पॅकने वेगळी वाट धरली: तो कोड न वाचलेल्या इंजिनिअरांकडून तसंच काम करणारा बायॉस नव्याने लिहून घेतला. 1982 च्या नोव्हेंबरात त्यांचं यंत्र जाहीर झालं. 1984 च्या मॅकिन्टॉशशी तुलना करा. त्याच्या पडद्यावर दुःखी चेहरा येई आणि खाली सांकेतिक आकडे येत, पण पेटी उघडायला टॉर्क्सचा लांब स्क्रूड्रायव्हर लागे. आत बघणं हे मालकाचं काम नाही, असा त्याचा अर्थ.

आपल्याकडे याचा संबंध कसा येतो? आयबीएम 1978 मध्येच भारत सोडून गेली होती. पुढे इथे आले ते मुख्यतः 'कम्पॅटिबल', म्हणजे त्याच रचनेवर बांधलेले पीसी. रचना खुली होती म्हणूनच लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारात सुटे भाग मिळू लागले आणि चिप लेव्हल रिपेअर हा धंदा उभा राहिला.

आणि यात मराठीचाही वाटा अडकलेला आहे. पुण्याच्या सी-डॅकचं जिस्ट कार्ड याच पीसीच्या स्लॉटमध्ये बसायचं आणि डॉसमध्ये देवनागरी दाखवायचं. त्या काळात टाइप झालेला मजकूर कितीतरी फ्लॉप्यांवर पडून आहे. इस्की या मानकात असेल तो युनिकोडमध्ये आणणं सोपं, कारण मानक छापलेलं आहे. फक्त एखाद्या फॉन्टच्या खासगी सांकेतिक आकड्यांत असेल तो अवघड. फ्लॉपी दुसऱ्या यंत्रावर वाचता येईलही, पण कार्डावर अवलंबून असलेलं सॉफ्टवेअर चालवायला तसाच स्लॉट असलेलं यंत्र जिवंत हवं.

म्हणून आमची विनंती एवढीच. माळ्यावर असं यंत्र असेल तर भंगारात देण्याआधी ते एकदा नीट तपासून घ्या. आणि आज नवं यंत्र घेताना दुकानदाराला विचारा: बिघडलं तर याचा नकाशा कोणाकडे आहे? 1981 मध्ये या प्रश्नाला उत्तर होतं, आणि ते पैसे देऊन कोणालाही विकत मिळत होतं.

थांबतो इथे. प्रश्न असतील तर घेऊया.