पहिल्या स्तराला प्रशिक्षक कोण?

अमेरिकेतील स्पर्धात्मक चिअरलीडिंगच्या जिममध्ये एक समज इतका मुरला आहे की, तो कोणाचे मत आहे असे वाटतच नाही. जिमचे नाव वरच्या संघामुळे होते, म्हणून सर्वांत अनुभवी प्रशिक्षक, सरावाच्या सोयीच्या वेळा आणि नृत्यरचनेवरचा खर्च वरच्या संघाचा. नवशिक्यांना उरेल ते. हा समज मला चुकीचा वाटतो. तो अन्यायाचा आहे हे तर खरेच, पण त्याआधी तो या खेळाच्या तंत्राशीच विसंगत आहे.

चिअरलीडर म्हटले की मराठी वाचकाला २००८ पासूनच्या आयपीएलमधल्या, सीमारेषेजवळ नाचणाऱ्या मुली आठवतात. इथे विषय त्यांचा नाही. ‘ऑल-स्टार’ चिअरलीडिंगमध्ये दुसऱ्या कोणाला प्रोत्साहन द्यायचे नसते. संघ स्वतःच स्पर्धक असतो. स्प्रिंगच्या तळावर अडीच मिनिटांचा सादरीकरणाचा खेळ: कोलांट्या, उड्या, नृत्य, आणि मुलींनी मुलीला उचलून धरायचे ‘स्टंट’. तळाशी उचलणाऱ्या त्या बेस, मागून आधार देणारी बॅकस्पॉट, वर चढणारी फ्लायर. लॉरेन्स हर्किमर यांनी १९४८ मध्ये टेक्ससमध्ये राष्ट्रीय संघटना काढली, जेफ वेब यांनी १९७४ मध्ये स्वतःची कंपनी सुरू केली आणि तिचीच पुढे ‘व्हर्सिटी’ झाली. २००३ मध्ये ऑल-स्टार जिमचा महासंघ स्थापन झाला. २००४ पासून ऑरलँडोला ‘वर्ल्ड्स’ ही जागतिक स्पर्धा भरू लागली. डॅलसच्या किंवा न्यू जर्सीच्या उपनगरांत राहणाऱ्या मराठी कुटुंबांच्या मुलीही आता या जिममध्ये जातात, आणि बहुतेकींची सुरुवात अर्थातच पहिल्या स्तरावर होते.

हे स्तर म्हणजे या खेळाचा कणा. पहिल्या स्तरावर कोलांटी घेताना हात किंवा पाय जमिनीला टेकलेला हवा, आणि फ्लायर दोन्ही पायांवर, बेसच्या खांद्याच्या उंचीपर्यंतच उभी राहू शकते. दुसऱ्या स्तरावर बॅक हँडस्प्रिंग येते, तिसऱ्यावर धावत येऊन हवेत, गुडघे छातीशी घेऊन मारलेला टक, चौथ्यावर अंग सरळ ठेवून घेतलेला लेआउट, पाचव्यावर त्यात एक पूर्ण गिरकी, सहाव्यावर दोन. वय वेगळे आणि स्तर वेगळा, त्यामुळे पंधरा वर्षांची मुलगीही पहिल्या स्तरावर असू शकते. ‘वर्ल्ड्स’ ही फक्त वरच्या स्तरांची स्पर्धा. खालच्यांसाठी तिच्या तोडीचे मोठे व्यासपीठ ‘समिट’च्या रूपाने २०१३ मध्ये मिळाले. नऊ वर्षे खालच्या स्तरांना असे शिखरच नव्हते. मनोवृत्ती कुठून घडली हे समजायला एवढे पुरे.

आता पूर्वपक्ष त्याच्या पूर्ण ताकदीनिशी मांडतो. पहिले म्हणणे: उत्तम प्रशिक्षक मोजके असतात. दोन गिरक्यांचा लेआउट किंवा वीस फुटांवर फेकलेली फ्लायर चुकली तर मान मोडू शकते, तेव्हा जाणता माणूस तिथेच हवा. साध्या कोलांटीला त्याला जुंपणे म्हणजे कौशल्य वाया घालवणे. दुसरे: नवी मुले वरच्या संघाचे नाव ऐकून येतात, म्हणून त्या संघावरचा खर्च शेवटी सगळ्यांच्याच कामी येतो. तिसरे: लहानांना मजा हवी असते, नेमकेपणा नको असतो. चौथे: वरच्यांना चांगले मिळते हे पाहूनच खालची मुले वर जाण्यासाठी झटतात. हे म्हणणारे बहुतेक लोक मुलांवर माया करणारे आहेत. चौदा-चौदा तास जिममध्ये राबणाऱ्या मालकांचे हे म्हणणे आहे, म्हणूनच त्याला नीट उत्तर द्यायला हवे.

पहिला मुद्दा सर्वांत बळकट आणि माझ्या मते सर्वांत फसवा. ‘साधी कोलांटी’ हा शब्दप्रयोगच पाहा. बॅक हँडस्प्रिंग म्हणजे मागे झुकून हातांवर जाणे आणि पुन्हा पायांवर येणे. ती शिकताना कोपर वाकले, खांदे बंद झाले, पाय फाकले, तरी मूल पलीकडे पोचते. पोचते म्हणून टाळ्या पडतात आणि दोष तसाच राहतो. पुढे टक, लेआउट, गिरकी या सगळ्यांना वेग मिळतो तो याच हँडस्प्रिंगमधून. वाकलेल्या कोपराने निम्मा वेग गिळला की मूल तो मानेच्या झटक्याने भरून काढते, आणि चौथ्या स्तरावर प्रशिक्षक म्हणतो, ही मुलगी घाबरते. ती घाबरते हे खरे. पण तिच्या अंगाला जे कळले आहे तेच तिला भीती घालते आहे. दोन वर्षांची सवय मोडून नवी लावणे हे पहिल्यांदा शिकवण्यापेक्षा कितीतरी अवघड, हे कोणत्याही कसरतीच्या शिक्षकाला विचारावे.

स्टंटमध्ये हे अधिकच स्पष्ट दिसते. बेसने पाठ सरळ ठेवून पायांच्या बळावर उचलायचे की कमरेतून वाकून ओढायचे, फ्लायरचा तळवा कुठे धरायचा, बॅकस्पॉटने डोळे कुठे ठेवायचे, फ्लायरने खाली न बघता अंग कसे घट्ट आवळायचे: हे सगळे खांद्याच्या उंचीवरच शिकून होते. वरच्या स्तरावर उंची वाढते, गिरकी वाढते, पकड तीच राहते. उंची कमी म्हणून धोका नाही, हेही खरे नाही. चिअरलीडिंगच्या दुखापतींच्या अभ्यासांत स्टंट हे प्रमुख कारण म्हणून पुन्हा पुन्हा पुढे आले आहे, आणि इजा फक्त पडणाऱ्या मुलीला होते असे नाही. झेलणाऱ्या बेसला आणि बॅकस्पॉटलाही होते. नवशिकी बेस फ्लायर डळमळली की हात काढून मागे सरते. ती प्रतिक्रिया नैसर्गिक आहे, आणि ती बदलायला लागणारी नजर व धीर अनुभवी शिक्षकाकडे असतो. अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०१२ मध्ये या खेळावर धोरणपत्र काढले, तेव्हा प्रशिक्षित प्रशिक्षकाचा आग्रह तिने फक्त उच्च स्तरांपुरता धरला नव्हता.

प्रत्यक्षात मात्र काय होते? प्रशिक्षकांचे प्रमाणीकरण स्तरांनुसार होते, म्हणून नवा प्रशिक्षक साहजिकच खालून सुरुवात करतो. अनेक ठिकाणी वरच्या संघातल्याच सतरा-अठरा वर्षांच्या मुली संध्याकाळी लहानग्यांना शिकवतात. त्या उत्साही असतात, लहान मुले त्यांच्यावर जीव टाकतात. पण ज्याला स्वतः करता येते त्याला दुसऱ्याच्या अंगातली चूक कुठून सुरू होते ते दिसतेच असे नाही. नवशिका शिक्षक आणि नवशिके मूल ही जोडी आपण शाळांत, संगीताच्या वर्गांत सगळीकडे लावतो आणि तिला व्यवहार म्हणतो. मोठ्या मुलींनी शिकवू नये असे माझे म्हणणे नाही. अनुभवी माणसाच्या शेजारी उभे राहून शिकवावे, एवढेच आहे.

गुणांकनही पूर्वपक्षाच्या बाजूचे नाही. पहिल्या स्तरावर अवघडपणाला नियमांचीच मर्यादा आहे, त्यामुळे चांगले संघ अवघडपणाचे गुण जवळपास सारखेच मिळवतात. फरक पडतो तो सफाईने: पायांची बोटे ताणलेली आहेत का, सगळ्यांचे हात एकाच क्षणी थांबतात का, यावर. मजा आणि नेमकेपणा वेगळे आहेत, हे तिसरे म्हणणे इथेच संपते. आठ वर्षांच्या मुलीला आपला स्टंट न डगमगता उभा राहिल्याचा जो आनंद होतो, तो मजा नसेल तर मजा कशाला म्हणायचे?

चौथे म्हणणे, म्हणजे उपेक्षेतून जिद्द येते हे, मला सर्वांत जास्त खटकते. रे रिस्ट यांनी १९७० मध्ये सेंट लुइसच्या एका शाळेतला अभ्यास प्रसिद्ध केला. बालवर्ग सुरू होऊन आठ दिवस होतात न होतात तोच बाईंनी मुलांना तीन टेबलांवर बसवले, आणि पहिल्या टेबलाला शिकवण्याचा बहुतेक वेळ मिळू लागला. पुढच्या वर्षी पहिलीच्या वरच्या टेबलावर आधीच्या पहिल्या टेबलाबाहेरचे एकही मूल नव्हते. मागची मुले झटली नाहीत म्हणून हे झाले का? त्यांना शिकवलेच कमी गेले होते. एका वर्गावरून जगाचा नियम काढू नये हे मान्य. पण उपेक्षेने मूल वर जाते, असे म्हणणाऱ्याकडे एवढाही पुरावा नाही.

उलट बाजूचा पुरावा खेळातलाच आहे. नॅन्सी बार्नेट, फ्रँक स्मॉल आणि रोनाल्ड स्मिथ यांनी १९९२ मध्ये मुलांच्या लीग बेसबॉलचा अभ्यास प्रसिद्ध केला. मुलांशी कसे बोलावे, चूक कशी दाखवावी, प्रयत्नाला दाद कशी द्यावी याचे शिक्षण काही प्रशिक्षकांना दिले गेले, काहींना नाही. दोन्ही गटांच्या जय-पराजयात फरक नव्हता. पण पुढच्या हंगामात शिक्षण न मिळालेल्या प्रशिक्षकांची २६ टक्के मुले खेळ सोडून गेली, आणि शिक्षण मिळालेल्यांची ५ टक्के. जिमच्या मालकाने हे दोन आकडे आपल्या हिशेबाच्या वहीत लिहून ठेवावेत. आज पहिल्या स्तरावरून निघून गेलेली मुलगी सहा वर्षांनी ‘वर्ल्ड्स’च्या संघात नसते.

हिशेबाचा विषय निघालाच आहे, तर दुसऱ्या मुद्द्याकडे येतो. वरच्या संघाचा झगमगाट खालच्यांना पोसतो असे म्हणतात. बहुतेक जिममध्ये मुलांचा मोठा भाग खालच्या स्तरांवर असतो. मासिक शुल्क, गणवेश, स्पर्धांचे दरडोई प्रवेशशुल्क तेच पालक भरतात. मग कोण कोणाला पोसते? यात जिमांनाच दोष देणे मात्र अपुरे ठरेल. व्हर्सिटीच्या स्पर्धांवर जितका खर्च जास्त, तितका परतावा जिमला मिळण्याची योजना होती. मक्तेदारीच्या आरोपांवरून कंपनीवर खटले झाले. दोष मान्य न करता कंपनीने २०२३ मध्ये ४ कोटी ३५ लाख डॉलरचा आणि २०२४ मध्ये ८ कोटी २५ लाख डॉलरचा समेट केला. दरम्यान तिची मालकी २०१८ मध्ये बेन कॅपिटल या गुंतवणूक कंपनीकडे आणि २०२४ मध्ये केकेआर या दुसऱ्या गुंतवणूक कंपनीकडे गेली. डोकी मोजणाऱ्या अशा व्यवस्थेत खालचा स्तर हे उत्पन्न ठरते, आणि उत्पन्नाला कोणी शिकवत नाही.

या उपेक्षेवर उपाय म्हणून काही जिम खालच्या संघांना ‘महत्त्व’ देतात ते असे: तिसऱ्या स्तराची ताकद असलेल्या मुली पहिल्या स्तरावर उतरवायच्या आणि पदके आणायची. याला तिथे ‘सँडबॅगिंग’ म्हणतात. काही वेळा वरच्या संघातल्या मुली दोन्हीकडे खेळतात, आणि जिच्यासाठी तो संघ निघाला ती खरी नवशिकी शेवटच्या रांगेत जाते. समिटचे आमंत्रण मिळते, भिंतीवर फलक लागतो. हा खालच्या संघाचा सन्मान नव्हे. ज्या मुलीला पहिल्या स्तराची कसरत येऊन दोन वर्षे झाली, तिला तिथे शिकायला काही नाही. जिला येत नाही, तिला जागा नाही. उपेक्षा आणि हा प्रकार वरवर उलटे दिसतात, पण दोन्हींत मूल जिमच्या नावासाठी आहे, जिम मुलासाठी नाही.

मग माझे म्हणणे नेमके काय? मुख्य प्रशिक्षकाने वरचा संघ सोडावा असे मुळीच नाही. हंगामाच्या सुरुवातीच्या महिन्यांत, पकड आणि पुढच्या हँडस्प्रिंगचा पाया घडत असताना, आठवड्यातला निदान एक सराव त्याने पहिल्या स्तरासोबत पूर्ण करावा, पाहुण्यासारखा डोकावून जाऊ नये. लहानांना शिकवणे हे वेगळे कौशल्य आहे हेही खरे; दोन गिरक्या शिकवणारा प्रत्येक जण सहा वर्षांच्या मुलासमोर टिकेलच असे नाही. म्हणून ज्याला ते जमते त्याचा पगार आणि मान वरच्या प्रशिक्षकाइतका असावा. आज ‘बढती’ म्हणजे खालचा संघ सुटणे, आणि त्यामुळे लहानांना शिकवण्यात मुरलेला माणूस मुरताच तिथून निघून जातो.

यावर शेवटचा आक्षेप येतो की, वरच्या संघाचे तास त्यामुळे कमी होतील. होतील, थोडे. पण सहाव्या स्तरावरची मुलगी आपले चित्रण पाहून स्वतःची चूक ओळखते, शेजारच्या बेसला सांगते, घरी जाऊन विचार करते. नऊ वर्षांच्या नवशिकीला आपले कोपर वाकले आहे हेच कळत नाही. तिला ते दिसणारा माणूस शेजारी लागतो. हंगामापूर्वी जिम मुलांची चाचणी घेऊन संघ जाहीर करते, तेव्हाच प्रत्येक संघासोबत कोण किती तास उभे राहणार हे लिहून द्यावे, आणि पालकांनी शुल्क भरण्याआधी तो कागद मागावा.